फातिमाबाईंचा वाढदिवस कुणी सांगितला?

डिसेंबरात स्नेहसंमेलन उरकतं, मांडवाचे बांबू निघतात न निघतात तोच तीन जानेवारी येऊन ठेपते. आमच्याकडे या तारखेचं अप्रूप जरा जास्तच. सावित्रीबाईंचं नायगाव सातारा जिल्ह्यातलं, खंडाळा तालुक्यातलं. आमच्या शाळेतल्या कितीतरी मुलांचे पाहुणे त्या बाजूला आहेत. त्यामुळे बालिका दिनाला भाषणांना तोटा नसतो. "आदरणीय व्यासपीठ, वंदनीय गुरुजनवर्ग"पासून "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते"पर्यंत मुली घडाघडा बोलतात. फक्त तिसऱ्या-चौथ्या भाषणानंतर मागच्या रांगेतली पोरं पुढचं वाक्य आधीच पुटपुटायला लागतात, कारण भाषण एकच असतं, बोलणारी बदलते. 'सावित्रीबाई फुले भाषण मराठी' एवढं मोबाइलला सांगायचं, की दहा ओळींचं, वीस ओळींचं, लहान गटाचं, मोठ्या गटाचं, हवं ते तयार मिळतं. आता तर टाइपही करावं लागत नाही. माइकचं चिन्ह दाबून बोललं की झालं.

मी आठवी ते दहावीला मराठी शिकवते. ग्रंथपालाची जागा भरलेली नाही, म्हणून ग्रंथालयाच्या कपाटांच्या किल्ल्याही माझ्याकडेच. भाषणं तपासून द्यायचं कामही ओघानं माझंच. मोबाइलनं मुलं बिघडली, असं स्टाफरूममध्ये कुणी म्हणालं की मी गप्प बसते, कारण मला ते पटत नाही. आम्ही काय वेगळं करत होतो? गाइडातला निबंध उतरवायचा, स्टेशनरीच्या दुकानातून चित्रांचा तक्ता आणायचा, कापून चिकटवायचा आणि वर सुवाच्य अक्षरात 'प्रकल्प' लिहायचं. 'संदर्भ' या मथळ्याखाली पाठ्यपुस्तकाचं नाव आणि 'इंटरनेट' हा एक शब्द, एवढ्यावर आजही प्रकल्पवहीला सही मिळते. मीही ती देत आले आहे. जून ते मार्च मध्ये किती पोर्टलं भरायची असतात ते ज्याचं त्याला ठाऊक.

'असर' या शाळकरी मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीत, २०२४च्या ग्रामीण फेरीत, चौदा ते सोळा वयाच्या मुलांना स्मार्टफोनबद्दल विचारलं होतं. ८२ टक्के मुलांनी तो वापरता येतो असं सांगितलं. त्यांतल्या ७६ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो समाजमाध्यमांसाठी वापरला होता आणि ५७ टक्क्यांनी अभ्यासाच्या कामासाठी. हे ५७ वाचून मला बरंच वाटलं होतं. निम्म्याहून जास्त पोरं अभ्यासासाठी फोन हातात घेतायत म्हणजे थोडं नव्हे. पण अभ्यास म्हणजे नेमकं काय करतात, ते आकड्यात दिसत नाही. मला दिसतं, कारण त्या अभ्यासाचं फळ तीन जानेवारीला माईकसमोर उभं असतं.

मराठीत वाचायला आणि शोधायला आज केवढं फुकट पडलंय, हे मी ग्रंथालयाच्या तासाला दाखवते तेव्हा मुलांपेक्षा शिक्षकच जास्त चकित होतात. वाईला तयार झालेला मराठी विश्वकोश, ज्याचे जाडजूड खंड आमच्या कपाटात खालच्या फळीवर वाळवीशी झुंजत उभे आहेत, तो अख्खा इंटरनेटवर आहे. केतकरांचा ज्ञानकोश आहे. मोल्सवर्थचा १८५७चा शब्दकोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठानं शोधण्याजोगे करून ठेवलेत. बालभारतीचं 'किशोर' नोव्हेंबर १९७१पासून निघतं, त्याचे जुने अंक उघडून बघता येतात. 'प्रथम बुक्स'चं स्टोरीवीव्हर २०१५पासून आहे. त्यावरच्या मराठी गोष्टी पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत आणि छापून वाटल्या तरी कुणी हरकत घेत नाही. साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच पुस्तकं पीडीएफच्या रूपात उतरवून घेता येतात. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा या सरकारी शैक्षणिक संकेतस्थळावर जाता येतं. आणि ते क्यूआरचं वेड ज्यांच्यापासून पसरलं त्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२०मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, हे तर सगळ्यांना माहीतच आहे.

एवढं सगळं आहे. पण ही नावं फळ्यावर लिहून देण्यात काही अर्थ नसतो. मी ते करून पाहिलं आहे. मुलं वहीत उतरवून घेतात, खाली रेघ मारतात आणि घरी जाऊन पुन्हा माइकचं चिन्ह दाबतात. त्यांचं बरोबरच आहे. ज्याला प्रश्नच पडलेला नाही, त्यानं विश्वकोश कशासाठी उघडावा? दहा ओळींचं भाषण हवं असेल तर दहा ओळींचं भाषण देणारी जागाच सगळ्यांत सोयीची.

प्रश्न पडला तो जानेवारी २०२५मध्ये, आणि तोही माझ्यामुळे नव्हे.

नववीतल्या एका मुलीनं त्या वर्षी वेगळं काहीतरी म्हणून, सावित्रीबाईंच्या सहकारी शिक्षिका म्हणून ज्यांचं नाव घेतात त्या फातिमा शेख यांच्यावर भाषण लिहिलं होतं. पहिलंच वाक्य होतं, 'फातिमा शेख यांचा जन्म ९ जानेवारी १८३१ रोजी पुणे येथे झाला.' ते भाषण होऊन आठवडाही झाला नसेल तोच त्याच वर्गातला एक मुलगा वडिलांच्या फोनवर आलेला मजकूर वाचून आला. एका नामवंत हिंदी पत्रकारानं समाजमाध्यमावर जाहीर केलं होतं की फातिमा शेख हे पात्र आपणच रचलं, अशी बाई कधी नव्हतीच. झालं! मुलगी म्हणते, गूगलनं त्यांच्या वाढदिवसाचं चित्र लावलं होतं. मुलगा म्हणतो, बाईच नव्हती तर वाढदिवस कुणाचा? वर्गात दोन तट पडले. ते कशावरून पडले हे सांगायला नको. आडनावं बघून पडले. मला त्या वेळी एकच सुचलं. म्हटलं, भांडायचं नाही. दोघांनी मला कागद आणून दाखवायचा. कागद म्हणजे बातमी नाही, फॉरवर्ड नाही, चित्र नाही. जितकं मागे जाता येईल तितकं मागे जायचं आणि प्रत्येक पायरीला विचारायचं, हे कुणी सांगितलं आणि त्याला कसं कळलं?

तपासाला सुरुवात सोप्या टोकाकडून झाली. गूगलनं डूडल, म्हणजे पहिल्या पानावरचं ते चित्र, लावलं होतं हे खरं, ९ जानेवारी २०२२ला. पण ते २०२२चं. सांगणारी कंपनी कॅलिफोर्नियातली, सांगितलेली गोष्ट १८३१ची. तिला कसं कळलं? मग विकिपीडिया. आमच्या मुलांना विकिपीडिया म्हणजे एक पान वाटतं. त्या पानाच्या डोक्यावर 'चर्चा' आणि 'इतिहास पहा' असं लिहिलेलं असतं, हे त्यांनी पाहिलेलंच नसतं. 'इतिहास पहा'वर गेलं की कुठलं वाक्य कधी आलं, कुणी काढलं, कुणी परत घातलं, हे सगळं तारखेनिशी मिळतं. मुलांना हे फार आवडलं. एखाद्याची कच्ची वही हाती लागावी तसं. वाक्यापुढच्या बारीक आकड्यावर बोट ठेवलं की तळाशी संदर्भ दिसतो, तिथून बातमी उघडते, ती बातमी दुसऱ्या बातमीकडे बोट दाखवते, दुसरी तिसरीकडे. वाढदिवसाच्या तारखेचा माग काढता काढता मुलं फिरून पुन्हा डूडलपाशीच आली. आम्ही जेवढं मागे जाऊ शकलो तेवढ्यात नऊ जानेवारीला आधार देणारा एकही जुना कागद दिसला नाही. मग एका पोरानं बारकाईनं बघून शंका काढली, "मॅडम, सावित्रीबाई तीन जानेवारी १८३१. ह्या नऊ जानेवारी १८३१. साल पण तेच, महिना पण तोच?" योगायोग असूही शकतो. पण अशी शंका यायला लागली की मास्तराचं अर्धं काम झालं.

स्टॅनफर्डमधल्या संशोधकांचा या बाबतीतला एक अभ्यास मला फार उपयोगी पडतो. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी दहा इतिहासकार, दहा व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि स्टॅनफर्डचे पंचवीस विद्यार्थी यांना काही संकेतस्थळं पारखायला दिली. विद्यार्थी आणि बरेचसे इतिहासकारही त्या पानावरच बसून राहिले. वरून खाली वाचत, मांडणी, बोधचिन्ह, भाषेचा रुबाब बघत. तपासनीसांनी मात्र पान नीट वाचायच्या आतच शेजारचा टॅब उघडला आणि या पानाबद्दल बाकीचे काय म्हणतात ते पाहिलं. अचूक आणि झटपट निर्णय त्यांचेच आले. म्हणजे पान लक्ष देऊन वाच, हा जो उपदेश आम्ही वर्षानुवर्षं करतो, तो इंटरनेटवर अर्धाच लागू पडतो. आधी हे कुणाचं पान आहे ते बाहेरून बघून ये. वाचण्याजोगं निघालं तर मग सावकाश वाच. अमेरिकेतल्या शाळांत यासाठी झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसचं एक खोटं संकेतस्थळ दाखवतात, १९९८पासूनचं आहे ते. आपल्याला असा ऑक्टोपस पाळायची गरज नाही. 'आपल्या राष्ट्रगीताला युनेस्कोनं जगात सर्वोत्कृष्ट ठरवलं' हा खोटा निरोप कुणाच्याही काकांच्या फोनवर दरवर्षी सुखरूप येऊन पोचतो.

तर वाढदिवस अडला. आता बाई होत्या की नव्हत्या?

इथं मी थोडी मदत केली. साहित्य आणि संस्कृती मंडळानं १९८८मध्ये मा. गो. माळी यांनी संपादित केलेलं 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय' प्रकाशित केलं. आमच्या कपाटात ते नव्हतं, पण पीडीएफ मिळाली. ती पीडीएफ म्हणजे पानांचे फोटो. वर शोधखिडकीत 'फातिमा' टाकलं तर काहीच निघेना. मुलं लगेच म्हणाली, "मॅडम, नाहीये." त्यांच्या लेखी सर्चमध्ये आलं नाही म्हणजे जगात नाही. अनुक्रमणिका नावाची एक गोष्ट असते, तिच्यावरून प्रकरण शोधायचं, पान क्रमांक घ्यायचा, पीडीएफचा पान क्रमांक आणि छापील पान क्रमांक यांत आठ-दहा पानांचा फरक असतो तो धरायचा, हे सगळं प्रोजेक्टरवर करून दाखवलं. दहावीपर्यंत पोचलेल्या पुष्कळ मुलांनी अनुक्रमणिका वापरलेलीच नसते. पाठ कितव्या पानावर आहे ते बाई सांगतात ना!

सावित्रीबाईंची त्या पुस्तकात तीन पत्रं आहेत. तिन्ही जोतीरावांना लिहिलेली. पहिलं १० ऑक्टोबर १८५६चं, नायगावहून. त्या आजारी होत्या, माहेरी आल्या होत्या. भावानं शुश्रूषा केली, आता बरं वाटतंय, पूर्ण बरी झाले की पुण्याला येते, असं लिहिलंय. आणि मध्येच एक ओळ अशी की, फातिमेला तिकडे त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही.

एवढंच. मला वाटलं होतं वर्गात जल्लोष होईल. झाला नाही, आणि ते बरंच झालं. मी फळ्याचे दोन भाग केले. एकीकडे लिहिलं 'पत्र काय सांगतं', दुसरीकडे 'पत्र काय सांगत नाही'. पहिल्या बाजूला आलं, फातिमा नावाची बाई होती. सावित्रीबाईंच्या मागे तिच्यावर कामाचा भार होता. ती कुरकुर करणारी नव्हती असा सावित्रीबाईंचा विश्वास होता. जोतीरावांना ती कोण हे वेगळं सांगावं लागत नव्हतं. हे शेवटचं वाक्य त्या डूडलवाल्या मुलीचं, आणि ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या बाजूला आलं, आडनाव नाही, जन्मतारीख नाही, त्या शिकवत होत्या असं सरळ लिहिलेलं नाही. मग फॉरवर्डवाल्या मुलानं हात वर केला. "मॅडम, पण हे पुस्तक १९८८चं आहे. १८५६चा कागद कुठंय?" मघाशी आडनाव बघून बोलणारा हाच मुलगा. आता तो सावित्रीबाईंच्याही पत्राला सोडत नव्हता. दोन्ही बाजूंना तोच एक प्रश्न लावायचा असतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बाई नव्हत्याच, असं म्हणणाऱ्याला हे छापील पत्र आडवं येतं, आणि त्या अमुक दिवशी जन्मल्या, असं म्हणणाऱ्याच्या मदतीला ते येत नाही. एवढ्यावर वर्ग थांबला. टीव्हीवरच्या चर्चा याच्या अलीकडेच थांबतात.

खरा आनंद पुढे होता. वाढदिवसासाठी उघडलेल्या त्या पीडीएफमध्ये मुलं रेंगाळली. दुसरं पत्र २९ ऑगस्ट १८६८चं, तेही नायगावहूनच. गणेश नावाचा पोथीपुराण सांगत फिरणारा ब्राह्मण तरुण आणि शारजा नावाची महाराची मुलगी यांचं प्रेम, आणि त्यांना जिवे मारायला निघालेला गाव. सावित्रीबाई मध्ये पडल्या आणि दोघांना वाचवलं, ती हकिगत. हे पत्र मी मोठ्यानं वाचायला घेतलं आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "जरा सावकाश, मॅडम." पंधरा वर्षांच्या मुलांना गावानं पाठलाग केलेल्या जोडप्याची गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. तिसरं पत्र २० एप्रिल १८७७चं, जुन्नरजवळच्या ओतूरहून, दुष्काळाचं. आमच्या तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांतून आजही उन्हाळ्यात टँकर फिरतात, त्यामुळे त्याबद्दलही बोलायला पुष्कळ होतं.

आणि इथंच वाचनाची अडचण उघडी पडली. दीडशे वर्षांपूर्वीचं गद्य. वाक्य लांबलचक, क्रियापद कुठंतरी शेवटी. चांगले गुण मिळवणारी मुलंही अडखळत होती. नायगाव, पेटा खंडाळा, असं पत्राच्या माथ्यावर आहे, तर एकीनं विचारलं, आग्र्याचा पेठा का? तो शब्द मोल्सवर्थमध्ये शोधायला लावला. तालुक्याचा पोटविभाग असा अर्थ निघाला. शब्दकोशात शब्द शोधणं हे वर्णमालेच्या क्रमावर अवलंबून असतं, आणि ऑनलाइन शब्दकोशात तो क्रम लागत नाही, हा फायदा की तोटा यावर माझं अजून मत ठरत नाही.

ज्यांना सरळ मराठीच धड वाचता येत नाही, अशीही मुलं प्रत्येक वर्गात असतात. आठवी-नववीत पोचलेल्या मुलाला वाचता येतं, असं धरून सगळा अभ्यासक्रम चालतो. 'असर'च्या त्याच २०२४च्या अहवालात देशातल्या ग्रामीण भागातली पाचवीची जेमतेम निम्मी मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. ती मुलं पुढे कुठं जातात? आमच्याकडे येतात. भाषणाच्या स्पर्धेत ती नसतात, प्रकल्पवहीत त्यांचं अक्षर सुंदर असतं, कारण उतरवून काढायची सवय दांडगी. त्यांच्यासाठी स्टोरीवीव्हरवरच्या दुसऱ्या-तिसऱ्या पातळीच्या गोष्टी योग्य. पण मिसरूड फुटलेल्या पोराच्या हातात हत्ती-मुंगीचं चित्रपुस्तक दिलं की तो ते फेकून तरी देतो नाहीतर दिवसभर मान खाली घालून बसतो. आम्ही एक वाट काढली. शेजारी जिल्हा परिषदेची शाळा आहे. तिथल्या पहिली-दुसरीच्या पोरांना शनिवारी गोष्ट वाचून दाखवायची, हे काम या मुलांना दिलं. लहान पोरांसमोर अडखळलं तर लाज जाईल, म्हणून आदल्या दिवशी ते गोष्टीचा सराव करतात. कुणी वाचायला शिकवतंय असं त्यांना वाटत नाही. आपण शिकवायला चाललोय असं वाटतं. प्रगती हळू आहे. काहींची नाहीच. पण शनिवारी गैरहजर राहत नाहीत.

एआयबद्दल लिहिलं नाही तर लेख अपुरा वाटेल, म्हणून लिहिते. एका मुलानं चॅटबॉटला विचारलं, सावित्रीबाईंनी फातिमाबद्दल काय लिहिलंय? क्षणात उत्तर आलं. 'प्रिय फातिमा' अशी सुरुवात असलेलं एक भावपूर्ण पत्र, तारखेसकट. भाषा गोड, व्याकरण बिनचूक. वर्गातल्या दोन मुलींच्या डोळ्यांत पाणी आलं. मग आमचा फॉरवर्डवाला उठला आणि म्हणाला, "पुस्तकात तीनच पत्रं आहेत. तिन्ही जोतीरावांना. हे चौथं कुठनं आलं?" पुस्तक चाळलेलं होतं म्हणून त्याला मोजता आलं. न चाळलेल्या मुलाकडे ते पत्र ताडून बघायला काही नव्हतं. एआयवर बंदी घाला, असं म्हणणाऱ्यांत मी नाही. पण उलटतपासणी घ्यायची तर आधी हातात साक्षीदार पाहिजे.

आमच्या विश्वकोशाचं मला कौतुक आहे ते याचसाठी. नोंदीच्या शेवटी लिहिणाऱ्याचं आडनाव असतं आणि बहुतेक ठिकाणी संदर्भग्रंथांची यादी असते. सांगणारा कोण ते कळतं. केतकरांचा ज्ञानकोश उघडताना मात्र साल आधी फळ्यावर लिहावं लागतं, १९२० ते १९२९. त्या काळच्या विद्वानांना काय वाटत होतं, ते त्यात आहे. आज काय माहीत आहे, ते नाही. मुलांना हे सांगितलं की ती ज्ञानकोशातल्या जुनाट वाक्यांना हसतात. हसू देते. फक्त एवढंच विचारते, आजची कुठली वाक्यं शंभर वर्षांनी अशी हसू आणतील?

पुढची गोष्ट इंटरनेटवरची नाही, पण तिथूनच निघाली. १८४८मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली, तर आपल्या गावात पहिली मुलगी शाळेत कधी बसली, असं कुणीतरी विचारलं. आमची माध्यमिक शाळा अलीकडची. जुनं दप्तर शेजारच्या प्राथमिक शाळेत. तिथल्या मुख्याध्यापकांनी दाखलखारीज रजिस्टरं काढून दिली. ती हाताशीच होती, कारण कुणबी नोंदींच्या शोधात २०२३पासून ती किती वेळा कपाटाबाहेर आली असतील त्याला गणती नाही. गावातले निम्मे लोक कधी ना कधी त्या पानांवर वाकून गेलेत, पण सगळ्यांचं बोट जातीच्या रकान्यावरून खाली सरकलेलं. आमची मुलं पहिल्यांदाच दुसरे रकाने वाचत होती. 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात मुलींसमोर 'लग्न', 'घरकाम', 'सतत गैरहजर' असं लिहिलेलं. त्या रकान्यावर एक स्वतंत्र लेख होईल, म्हणून इथं थांबते.

सगळ्यांत मोठा हशा पिकला तो जन्मतारखेच्या रकान्यावर. १ जून. १ जून. १ जून. पानंच्या पानं. "माझे आजोबा पण एक जूनचे!" "माझी आत्या पण!" मास्तरांनी पोर शाळेत घातलं, बापाला तारीख आठवेना, जूनमध्ये शाळा सुरू होते, वय बसवायचं तर एक जून टाका. अख्ख्या महाराष्ट्रात एका पिढीचा वाढदिवस असा गुरुजींनी ठरवलाय. हे मुलांना विनोद म्हणून ठाऊकच होतं. पण गेल्या महिनाभरात 'मूळ कागद आणा' हा आमच्या वर्गाचा मंत्र झाला होता, आणि हा तर मूळ कागदच. सही-शिक्क्याचा, सरकारी, शाईनं लिहिलेला. आणि तारीख गुरुजींच्या मनची. म्हणजे कागद सापडला तरी विचारायचं ते विचारायचंच. कुणी लिहिलं, त्याला कसं कळलं, आणि ते लिहिण्याची त्याला गरज काय होती? फॉरवर्डवाला पोरगा बराच वेळ त्या पानाकडे बघत म्हणाला, "मग नऊ जानेवारी पण कुठल्या तरी गुरुजींनीच टाकली असंल."

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांना एक काम दिलं. घरातल्या एका म्हाताऱ्या माणसाची जन्मतारीख शोधायची. कागदावर काय आहे, माणूस काय सांगतो आणि पडताळून काय निघतं, असे तीन रकाने. प्रत्येक रकान्याखाली 'कुणी सांगितलं' ही ओळ सक्तीची. काहींनी नेहमीप्रमाणे शेवटच्या रात्री खरडलं. डूडलवाल्या मुलीनं मात्र आजीला धरून बसवलं. रजिस्टरात आजी १ जून १९६०ची. आजी म्हणाली, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी पहिलीत होते, दुधाचे दात पडत होते, पहाटेच्या धक्क्यानं फळीवरची पाटी खाली पडून फुटली म्हणून मी रडत होते. आणि जन्म माझा गौरी आल्या त्या दिवशीचा, आई नेहमी सांगायची. नातीनं भूकंपाची तारीख शोधली, ११ डिसेंबर १९६७, पहाटेचीच. पहिलीतलं पोर सहा वर्षांचं धरलं तर जन्म १९६१चा. मग इंटरनेटवर १९६१चं पंचांग काढून गौरी कधी आल्या ते पाहिलं. सप्टेंबर निघाला. तिसऱ्या रकान्यात तिनं लिहिलं, 'बहुधा सप्टेंबर १९६१. आजीच्या आईनं आजीला सांगितलं, आजीनं मला, साल भूकंपावरून मी काढलं.' 'बहुधा' तिनं स्वतःहून लिहिलं होतं.

ती वही घेऊन ती आजीला खरी तारीख सांगायला गेली. आजीचा श्रावणबाळ योजनेचा, म्हणजे म्हातारपणीच्या सरकारी पगाराचा, अर्ज तेव्हा नुकताच तलाठ्याकडे गेला होता, आणि त्याला पासष्ट पूर्ण लागतात. आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पगाराला कुठली चालती?"

"एक जूनची, आजी."

"मग तीच ऱ्हाऊ दे. ही तुझ्या वहीत ठेव."